मंडळाच्या मेलमधून कुणालाही वाळीत टाकायचं नाही

आमच्या गावच्या मुंबई मंडळाची मी चिटणीस झाले ती केवळ मला कॉम्प्युटर येतो म्हणून. आधीच्या चिटणीसांनी वार्षिक सभेत डोळ्यांचं कारण सांगून सगळे कागद टेबलावर ठेवले, तेव्हा घोडपदेवच्या त्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या पुरुषांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसलेल्या माझ्याकडे. "पोरगी शिकलेली आहे," कोणीतरी म्हणालं. "ऑफिसात दिवसभर तेच करते." टाळ्या पडल्या. मंडळाची पहिली बाई चिटणीस, असं अध्यक्षांनी जाहीर केलं आणि शिक्का माझ्या हातात ठेवला.

मला नाही म्हणता आलं नाही. का, ते सांगायला हवं, नाहीतर पुढे मी ज्या माणसावर सतत चिडलेली दिसेन त्याच्यावर अन्याय होईल.

मी तालुक्याच्या शाळेत शिकले. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बारावीनंतर मुंबईत कॉलेजात नाव घालायचं ठरलं, पण राहायचं कुठे? मंडळाची खोली होती, एकेकाळी गिरणीत पाळी करून आलेले गावकरी तिथे आळीपाळीने झोपत, पण तिथे मुलग्यांचीच सोय. तेव्हा अध्यक्षांनी दादरच्या एका मुलींच्या वसतिगृहात खेपा घालून माझी जागा मिळवली, पालक म्हणून सही केली आणि मला घ्यायला परळच्या एसटी स्टँडवर स्वतः येऊन उभे राहिले. पुढे कॉलेज संपेपर्यंत ते अधूनमधून नानकटाईचा पुडा घेऊन भेटायला येत आणि एकच प्रश्न विचारत, "जेवण बरा आसता मां?" माझी पदवी, गिरगावातली नोकरी, लग्नानंतरचं लालबागचं घर, सगळ्याची सुरुवात त्या सहीपासून आहे. त्यामुळे अध्यक्षकाकांवर चिडणं मला शोभत नाही. आणि न चिडता त्यांच्याबरोबर काम करणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

मंडळाला मेलचा पत्ता माझ्या आधीपासून होता. एका छोट्या कंपनीने मंडळाची वेबसाइट करून दिली होती, तिच्याबरोबर तो आला. तो पत्ता लेटरहेडवर आहे, वार्षिक अहवालावर आहे, गावच्या शाळेच्या फलकावर आहे, आणि मंडळाने बांधून दिलेल्या पाण्याच्या टाकीवर तर लाल रंगात हातभर उंचीच्या अक्षरांत आहे. त्यामुळे पत्ता बदलण्याची गोष्ट सभेत काढायचीच नाही. मी एवढंच केलं की त्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल आपोआप माझ्या खासगी मेलवर फॉरवर्ड होईल अशी सोय केली. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडला की मंडळाची डाक समोर, असा माझा बेत होता.

समोर काय यायचं? कर्ज घ्या. लॉटरी लागली. टकलावर केस उगवा. परदेशातल्या कुण्या विधवेला तिचं सोनं आमच्या मंडळाच्या नावावर करायचं होतं. या सगळ्यावर कडी म्हणजे शीव कोळीवाड्यात राहणारे आमचे एक निवृत्त गावकरी. ते रोज सकाळी मंडळाला सुप्रभात पाठवत. एक गणपती, एक दत्त, एक उगवता सूर्य, एक हृदयविकारावरचा उपाय, आणि प्रत्येक फोटो इतका जड की मोबाइल हातात गरम व्हायचा.

मी रविवारी घरची कामं आवरून मंडळाचा बॉक्स उघडायची आणि ब्लॉक करायला बसायची. हे काम करून पाहिल्याशिवाय त्यातला वैताग कळणार नाही. कर्जवाल्याला ब्लॉक करावं, तर पुढच्या रविवारी तोच कर्जवाला नावात एक अक्षर जास्त घालून हजर. केसवाल्याला घालवलं तर त्याच तेलाची बाटली गुडघेदुखीसाठी परत. तरी मी नेटाने करत राहिले आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मंडळाची डाक बरीच स्वच्छ झाली. शीव कोळीवाड्याचे दत्तगुरूही त्यात गेले. मनातल्या मनात त्यांची क्षमा मागूनच ते बटण दाबलं होतं.

डाक स्वच्छ हवी होती, कारण त्या वर्षी एका मेलची आम्ही खरोखर वाट बघत होतो. गावातली एक मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती, माझ्याच शाळेतून. परळच्या एका कॉलेजात तिला प्रवेशही मिळाला होता. पण तिच्या वडिलांनी फोनवर मला स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, हॉस्टेल मिळालं तर धाडतो. नाहीतर इथेच तालुक्याला कायतरी करील ती." वसतिगृह तेच, माझंच, दादरचं. गावात मोबाइलला रेंज येते ती टाकीजवळ उभं राहिलं तर. म्हणून फॉर्ममध्ये पालक म्हणून मंडळ लिहिलं आणि मेलचा पत्ताही मंडळाचा. मी माझा पत्ता घालत होते, पण अध्यक्षकाका म्हणाले, "मंडळाचाच घाल. वजन पडता." फोन नंबरही त्यांनी लेटरहेडवर बघून स्वतःच घातला.

त्याच सुमारास काकांना मंडळाच्या कॉम्प्युटरचा नाद लागला. खोलीच्या कोपऱ्यात, कॅरमबोर्डाशेजारी तो ठेवलेला असे. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी एका बोटाने टाइप करायला शिकून घेतलं आणि येणाऱ्या प्रत्येक मेलला उत्तर देऊ लागले. 'आपले पत्र पोचले. मंडळ आभारी आहे. कळावे.' वर्गणीची पोच विचारणाऱ्याला हेच, शाळेच्या मुख्याध्यापकांना हेच. मला कौतुक वाटायचं.

एका रविवारी मी खोलीवर गेले, तर ते चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बसलेले.

"ही कोण माणसां गो?"

ब्लॉक केलेल्यांची यादी उघडली होती. "काका, त्यांना ब्लॉक केलंय."

"म्हणजे काय केलंस?"

"त्यांचा मेल आपल्यापर्यंत येत नाही."

"तेंका ठाऊक आसा?"

"नाही. त्यांना वाटतं, पोचला."

काका माझ्याकडे वळले. "म्हणजे माणूस दारात उभो रवान हाका मारता, आणि आपण घरात असान आयकूचा नाय."

"काका, ही माणसं नाहीत हो. जाहिराती आहेत. मशीन पाठवतं."

त्यांचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. "आणि ह्यो? ह्यो मशीन?"

शीव कोळीवाडा.

"ह्यो आपलो माणूस. ह्येच्या बापाशीवांगडा मी ह्याच खोलयेत रवलंय."

"ते रोज इतके फोटो पाठवतात की—"

"फोटो कसले?"

"देवाचे."

"देवाचे फोटो धाडणाऱ्याक तू वाळीत टाकलंस?"

मी हसले. हसायला नको होतं. काकांच्या वडिलांना गावकीने वाळीत टाकलं होतं, देवळाच्या मानापानावरून. आमच्याकडे सगळ्यांना हे माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मलाही ते आईकडून कळलं होतं. विहिरीवर पाणी नाही, सणाला बोलावणं नाही, शेवटी ते कुटुंब बिऱ्हाड घेऊन मुंबईला आलं. काका स्वतः त्याबद्दल कधी बोलले नव्हते. त्या दिवशीही फार बोलले नाहीत. "आजी गेली तेव्हा खांद्याक माणूस नाय गावलो," एवढंच म्हणाले, पडद्याकडे बघत. मग नेहमीच्या सभेच्या आवाजात, "ठराव लिवन घे. ह्या मंडळाच्या मेलातसून कोणाकच वाळीत टाकूचा नाय."

मी ठराव लिहून घेतला. समोर बसलेले खजिनदार कॅरमचा स्ट्रायकर हातात धरून म्हणाले, "अनुमोदन." ते नेहमीच अनुमोदन देतात.

मला वाटलं, विषय तिथे मिटला. शीव कोळीवाडा तेवढा सोडवायचा आणि बाकीच्यांचं काकांना काय कळतंय, असा हिशोब मी केला होता. पण काका त्या आठवड्यात रोज खोलीवर बसले आणि एका बोटाने एकेकाला सोडवत गेले. लॉटरी सोडवली. कर्ज सोडवलं. केसवाला आणि गुडघेवाला सोडवला. सोनेवाली विधवा तर त्यांनी आधी सोडवली असणार. मला अभिमानाने फोन केला, "सगळ्यांका मोकळा केलंय. आणि एकेकाक पत्रय घातलंय."

"पत्र? काय घातलंत?"

"'नजरचुकीने आपली गैरसोय झाली, मंडळ दिलगीर आहे.' बरा मां?"

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मी म्हटलं, "बरं आहे काका."

दुसऱ्या दिवसापासून माझा मोबाइल थरथरायला लागला तो थांबेना. दिलगिरी मिळालेल्या सगळ्यांनी आपापल्या भाऊबंदांना कळवलं असावं. मी टेबलावर मोबाइल उपडा ठेवायची, तरी तो सरकत सरकत फायलींपर्यंत जायचा. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडेपर्यंत आणखी दोन पानं भरलेली. सगळे निवडायचे, स्पॅम म्हणायचं, पुन्हा निवडायचे, पुन्हा स्पॅम म्हणायचं. आणि मंडळाच्या मेलची जागा एवढीशी, ती भरून गेली. मी वेबसाइटवाल्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, बॉक्स फुल झालाय तुमचा," तिकडचा मुलगा म्हणाला. "तुम्ही कुणाला रिप्लाय दिला काय?"

"...आमच्या अध्यक्षांनी दिला."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

त्याने फोनवर हात ठेवला. बहुतेक शेजारच्याला सांगत होता. "रिप्लाय दिला ना, की त्यांना समजतं, इकडे जिवंत माणूस आहे. आता एक काम करा, कॉपी ठेवायचं बंद करा. आलं की डायरेक्ट तुमच्याकडे फॉरवर्ड. बॉक्सच भरणार नाय. नो टेन्शन."

मी तसं केलं, आणि आता डाक थेट माझ्याकडे येते, बॉक्स रिकामाच दिसेल, असं काकांना सांगून ठेवलं. आणि खरोखर, दोनेक दिवसांत मोबाइल शांत झाला. कर्ज नाही, तेल नाही, दत्तगुरू नाहीत. मी त्या मुलाला फोन करून मुद्दाम आभार मानले. आपली शिस्त फळाला आली असं मला वाटलं आणि मी त्या शांततेत दिवस काढले. त्या शांततेचा मला आजही राग येतो.

मग एका दुपारी गावच्या त्या मुलीचा फोन आला. टाकीजवळून, कारण मागे म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"ताई, हॉस्टेलचं काय आलं काय?"

"अजून नाही गं. यादी लागायची असेल."

"लागली. कणकवलीची एक मुलगी आहे, तिला मेल आला. मागच्या आठवड्यात."

मी मेल उघडला. नाही. स्पॅममध्ये पाहिलं. तिथेही नाही. मग माझ्या लक्षात आलं की मंडळाकडून कित्येक दिवसांत काहीच आलेलं नाही. एक लॉटरीसुद्धा नाही. मी ऑफिसच्या मेलवरून मंडळाच्या पत्त्यावर 'चाचणी' एवढा एक शब्द पाठवला. मिनिटभरात तो परत आला. वर इंग्रजीत लिहिलेलं, ज्याचा अर्थ एवढाच की हा संदेश नाकारला आहे.

कंपनीच्या त्या मुलाला पुन्हा फोन.

"आमच्याकडनं ओके आहे मॅडम. तुमच्या मेलवाल्यांनी आमचं ब्लॉक केलंय."

"का?"

"एवढा कचरा तुमच्याकडे आमच्या इथून गेला ना. वर तुम्ही दरवेळी स्पॅम स्पॅम दाबलं. त्यांना काय वाटणार? हे मंडळच कचरा पाठवतंय. केलं बंद."

"पण वसतिगृहाचं पत्र कचरा नव्हतं."

"फॉरवर्ड आहे ना मॅडम. नाव वसतिगृहाचं आणि आणून देतोय मंडळवाला. ते तसंच संशयाने बघतात."

"मग आमच्या बॉक्सात तरी असेल ना ते पत्र?"

"कॉपी कुठे ठेवता तुम्ही?" तो म्हणाला. "बंद केलीय ना."

मी त्याला, 'तूच सांगितलं होतंस' असं म्हणाले नाही. वेळच नव्हता. वसतिगृहाचा फोन सारखा व्यग्र लागत होता. साहेबांकडून अर्धी रजा घेतली, काकांना फोन केला आणि दादरला निघाले. मी पोचले तेव्हा काका फाटकाशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला मंडळाचा बिल्ला. माझ्या वेळेला यायचे तसेच.

रेक्टर बाई आता वेगळ्या आहेत, माझ्या वेळच्या नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

"हे बघा. तुमच्या मुलीला जागा दिली होती. आम्ही कळवलं, ते परत आलं. पुन्हा कळवलं, पुन्हा परत. 'नाकारलं' लिहिलंय बघा. तुमच्या मंडळानेच आम्हाला ब्लॉक केलंय."

काका उभे राहिले. "आमच्या मंडळाने? शक्य नाही बाई. तसा ठराव आहे आमचा."

"कसला ठराव?"

मी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. "मॅडम, निदान फोन तरी करायचात."

"केला ना. हा नंबर अस्तित्वात नाही, असं सांगते ती."

मी फॉर्म पाहिला. मंडळाचा लँडलाइन. तो काढून टाकला त्याला काही वर्षं झाली, पण लेटरहेडवर आहे.

जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. "गेली म्हणजे कळवलंय," रेक्टर बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. "आज पाचपर्यंत तिने होकार पाठवायचा. नाही आला, तर जागा पुन्हा तुमची. मी लगेच लिहून देते. बसा तुम्ही."

चार वाजायला आले होते. आम्ही भेटायच्या खोलीत बाकावर बसलो. होकार आला नव्हता. साडेचार झाले, तरी आला नव्हता. रेक्टर बाईंनी दारातून मान हलवून खूण केली, अजून नाही. मी मनातल्या मनात मुलीच्या वडिलांशी बोलायला लागले होते, सामान काय काय पाठवा ते सांगत होते. गादी नको, इथे मिळते. बादली मी घेईन.

काकांनी भांड्यातलं पाणी संपवलं आणि उठून रेक्टर बाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, त्या दुसऱ्या मुलीला तुमचं पत्र मिळालं का?"

"पाठवलंय."

"आम्हालाही पाठवलं होतंत."

मी मागून म्हटलं, "काका."

"नाही, विचारतोय फक्त. नाही तर तिलाही आमच्यासारखंच व्हायचं."

"काका, बसा ना तुम्ही."

"फोन नंबर असेल ना तिचा? लावून बघा की."

रेक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नियम मेलचा होता, फोन करायचं त्यांना बंधन नव्हतं. मी काहीतरी बोलू शकले असते. मी भिंतीवरचं जेवणाचं वेळापत्रक वाचत राहिले, बुधवारी उसळ, शुक्रवारी अंडी. बाईंनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिकडे एक मुलगी होती, बोलणं विदर्भाकडचं.

"मेल? नाही आला जी मॅडम. मी तं रोज पाहून राहिली."

"स्पॅममध्ये पाहा."

"ते काय असते?"

बाईंनी तिला कुठे दाबायचं ते सांगितलं. मग एकदम, फोन कानापासून दूर गेल्यासारखी ओरड, "आई! अवं आई! भेटलं!" पाच वाजायच्या आत तिचा होकार पडद्यावर आला. आम्ही तो येताना पाहिला.

बाहेर आल्यावर फुलवाल्यांच्या रांगेत मी थांबले.

"काका, आपली मुलगी होती ती!"

"होती."

"पंधरा मिनिटं गप्प बसायचं होतं हो फक्त!"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "ती पोर आवशीक हाक मारी होती. आयकलंस मां?"

"ऐकलं! ऐकलं मी! मग आता गावात फोन तुम्ही करा आणि सांगा काय ऐकलंत ते!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला होता. शेवंतीचा ढीग लावून बसलेली बाई म्हणाली, "ओ ताई, रस्त्यात म्हाताऱ्या बापावर कशाला वरडता?"

"बाप नाही माझा!" मी तिच्यावर खेकसले. मग कोण आहेत, ते सांगता येईना. काका तिच्याकडे बघून म्हणाले, "बरोबर आसा तिचा." मोबाइल त्यांनी काढला होता, पण नंबर सापडेना. शेवटी मीच लावला.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. फोन कुणी केला, का केला, तेही मी सांगितलं, लपवलं नाही. ती रडली नाही. "काकांना सांगा, मी त्यांच्याशी बोलणार नाही," असं म्हणाली. पुढे विचारलं, "मग मी येऊ की नको?"

मी म्हटलं, "ये. आमच्याकडे राहा." घरी विचारलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सासूबाईंना तर नाहीच.

वडिलांनी फोन घेतला. "ताई, घरात तुम्ही माणसं किती?"

"तिघं."

"आणि खोल्या?"

"एक. मोरी आतच आहे."

"बरं," ते म्हणाले. मागे म्हशीची घंटा वाजत होती. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. ते काही समजावतील असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "चूक माझी आसा. तिका धाड. स्टँडार मी उभो रवतंय."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्या म्हाताऱ्याच्या घरी काय जागा नाही?" काकांच्या घरीही एकच खोली आणि तीत सहा माणसं आहेत. ते सांगितल्यावर त्यांनी कॉटखालच्या ट्रंका ओढायला सुरुवात केली. ओढताना त्या जे बोलत होत्या ते मी इथे लिहीत नाही.

मुलगी आली. दोन वर्षं होतील आता. मेलचं फॉरवर्ड मी काढून टाकलं, रोज पासवर्ड घालून मंडळाचा बॉक्स थेट उघडते. माझ्या मेलवाल्यांनी मंडळावरची बंदी उठवायला किती अर्ज घेतले, ते सांगत बसत नाही. काकांशी एका अख्ख्या सभेत भांडून ठरावात दुरुस्ती करून घेतली. जाहिरातींना ब्लॉक करायला हरकत नाही, मात्र गावच्या माणसाला नाही. खजिनदारांनी अनुमोदन दिलं. त्यामुळे शीव कोळीवाड्याचे दत्तगुरू रोज सकाळी येतात आणि मी हाताने काढून टाकते. वसतिगृहाच्या फॉर्मवर आता मुलीचाच मेल आणि मुलीचाच नंबर असतो. दरवर्षी भरतो. पहिल्या वर्षाला जागा मिळाली नाही की पुढे मिळणं अवघड, हे रेक्टर बाईंनी आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

एकमेकांच्या पायात पाय येतात. तिची परीक्षा असली की टीव्ही बंद, मग सासूबाई शेजारी जाऊन मालिका बघतात आणि येताना शेजारची भांडणं घेऊन येतात. नवरा गॅलरीत झोपतो. मी चिडते. मुलीवर चिडते, मग तिने गुपचूप माझे कपडे वाळत घातलेले दिसतात आणि स्वतःवर चिडते.

काका रविवारी येतात. भायखळ्याच्या बाजारातून काहीतरी घेऊन, शेवग्याच्या शेंगा, कधी सुरण. तीन जिने चढून आल्यामुळे आधी दारातच टेकतात. बोलणार नाही म्हणाली होती, तरी ती आता बोलते, पण कामापुरतं. मागच्या रविवारीही त्यांनी दम खाल्ला आणि विचारलं, "हॉस्टेलाचा काय कळला?"

"नाही मिळालं," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

"दर वेळी काय विचारता तेच तेच?" सासूबाई आतून ओरडल्या. "आत या, चहा टाकलाय."

काका आत आले. बसायला जागा नव्हती, कॉटभर तिच्या वह्या पसरलेल्या. तिने दोन वह्या उचलून मांडीवर घेतल्या. ते तेवढ्या जागेत अंग चोरून बसले आणि शेंगांची पिशवी पायाशी ठेवली.